गीत सुरू करणारीच गप्प झाली तर

पत्र, थोडक्यात :

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. रविवारी चाळीस माणसं जमली तरी खूप वाटतं. गेली अकरा वर्षं उपासनेत गीतं मी चालवते, मुलांची रविवारची शाळाही माझ्याकडेच आहे. दीड वर्षापूर्वी आई गेली. तिच्या आजारपणात मंडळीनं उपास केले, रात्रभर प्रार्थना केल्या. ती गेली आणि माझ्या आत काहीतरी मिटलं. प्रार्थनेला बसते, दोन वाक्यांनंतर काही सुचत नाही; समोर कुणी ऐकतंय असंच वाटत नाही. तरी रविवारी पुढं उभी राहते, ‘हर्षानं गाऊ या’ म्हणते आणि स्वतःचीच लाज वाटते. गेले दोन महिने प्रभुभोजनाच्या वेळी कुणाचं तरी तान्हं बाळ घेऊन बाहेर थांबते. त्यात जुनी गीतं की नवी, यावरून दोन घरांत अबोला आहे आणि दोन्हीकडचे निरोप माझ्याकडेच येतात. मन मोकळं करावं, तर ते प्रार्थनासभेत ‘विनंती’ होऊन सगळ्यांपर्यंत पोहोचतं. मोठ्या मंडळीत जाऊन मागं बसावं, नाहीतर घरीच मोबाइलवर उपासना ऐकावी, असं वाटतं. पण मी गेले तर गीतं कोण चालवणार? मी ढोंगी आहे का?
– एक बहीण

प्रिय बहीण,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं. त्यात आईबद्दल तीन वाक्यं होती, बाकी सगळं मंडळीबद्दल, गीतांबद्दल, अबोल्याबद्दल. पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, खरं दुखणं त्या तीन वाक्यांत आहे.

आधी ‘ढोंगी’ या शब्दाचं बघू, कारण तो तुम्ही स्वतःला पाच वेळा लावला आहे. शुभवर्तमानात हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ नाटकात सोंग घेणारा नट. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनं तो कुणाला लावला? माणसांनी आपल्याला पाहावं म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना. तुम्ही पुढं उभ्या राहता ते चाळीस माणसांना पट्टी मिळावी म्हणून, आणि घरी येऊन लाजेनं रडता. ढोंग्याला ही लाज नसते. तेव्हा हा शब्द खाली ठेवा.

पण म्हणून ‘आहे तसं चालू द्या’ असं मी म्हणणार नाही. सवयीनं गायला लागलं की हळूहळू लाजही वाटेनाशी होते. अजून ती वाटतेय, तोवर थांबलेलं बरं.

आता आईकडे येते. मंडळीनं उपास केले, रात्री जागवल्या, आणि आई गेली. त्यानंतर त्या प्रार्थनांबद्दल मंडळीत कुणी एक शब्द तरी काढला का? माझा अंदाज आहे, नसेल. अंत्यविधीला ‘प्रभूची इच्छा’ म्हणाले असतील, ‘ती आता प्रभूजवळ आहे, रडू नको’ म्हणाले असतील, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला गीतांचे क्रमांक विचारले असतील. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ज्यांनी एवढ्या भरवशानं मागितलं, त्यांनाही नकाराचं काय करायचं ते कळलेलं नसतं; म्हणून ते गप्प राहतात. पण त्या गप्प राहण्याचं ओझं एकट्या तुमच्यावर आलं.

योहानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर वारल्यावर मार्था येशूला भेटते आणि म्हणते, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागाहून मरिया येते आणि तेच म्हणते. दोन बहिणी, एकच तक्रार. दोघी आपसात चार दिवस हेच बोलत असणार! येशूनं त्यांना गप्प केलं नाही, ‘तुमचा विश्वास कुठं गेला’ असंही म्हटलं नाही. लाजराला उठवणार हे माहीत असूनही तो रडला. तुम्हीही ते वाक्य म्हणून बघा, आईचं नाव घालून, मोठ्यानं. प्रार्थनेत दोन वाक्यांनंतर काही सुचत नाही म्हणता, त्याचं कारण कदाचित हे असेल की जे म्हणायचं आहे तेच तुम्ही म्हणू देत नाही.

दुसरं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणतात. हे स्तोत्र वळत नाही, अंधारातच संपतं. आणि त्याच्या मथळ्यावर लिहिलं आहे, ‘मुख्य गवयासाठी’. म्हणजे हे कुणी एकट्यानं उशीत तोंड खुपसून म्हणायचं नव्हतं. एका गाणाऱ्याच्या हाती ते दिलेलं होतं, सगळ्यांकडून गाऊन घे म्हणून. तुमच्या मंडळीची मुख्य गवई तुम्ही आहात. अकरा वर्षांत असं एखादं स्तोत्र तुम्ही उपासनेत घेतलंत का? मी माझ्या मंडळीत कधी ऐकलेलं नाही. आम्ही दर रविवारी हर्षानंच गात आलो, आणि मग ज्याच्याकडे हर्ष नाही त्याला वाटतं की आपण चुकून या घरात शिरलो आहोत.

तुमच्यासारखी कोरड अनेकांनी सोसली आहे. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये लोकांपुढं आली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक, इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली 1738 च्या मार्च महिन्यात तर उपदेश सोडायलाच निघाले होते. ज्याला स्वतःला विश्वास नाही त्यानं दुसऱ्याला काय सांगावं, हा त्यांचा प्रश्न अगदी तुमचाच आहे. पीटर बोलर नावाच्या मित्रानं त्यांना सांगितलं, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश करत राहा; मिळाला की तो आहे म्हणून कराल. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत आपलं हृदय विलक्षण उबदार झालं, असं वेस्लींनी लिहून ठेवलं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुढच्या जानेवारीत त्याच माणसानं रोजनिशीत लिहिलं की मी अजून ख्रिस्ती नाही. ती ऊब आली, गेली, पुन्हा आली. ऊब म्हणजे विश्वास नव्हे, एवढं त्यावरून कळतं.

बोलरचा सल्ला मी तुम्हाला मात्र देणार नाही. वेस्लींच्या घरात नुकतंच कुणी गेलं नव्हतं, आणि अकरा वर्षं न थकता एकच काम त्यांनी केलेलं नव्हतं. तुम्ही तीन महिने गीतं चालवणं थांबवा. कायमचं सोडलं असं म्हणू नका, आणि ‘बघू’ असंही म्हणू नका. तारीख घालून सांगा. पाळकसाहेबांना सगळं उलगडून सांगायची गरज नाही. ‘आई गेल्यापासून मी शोक केलेलाच नाही, तीन महिने मला बाकावर बसू द्या’ एवढं पुरे.

मुलांच्या शाळेचं तुम्ही ठरवा. मला वाटतं ती चालू ठेवता येईल, कारण मुलांपुढं खोटं हसावं लागत नाही. एखाद्यानं विचारलंच की आपण आजीसाठी प्रार्थना केली तरी ती का गेली, तर ‘मीही देवाला हेच विचारते’ असं सांगा. मुलांना त्यानं धक्का बसत नाही. उलट, मोठी माणसंही देवाला विचारतात, हे त्यांना कळतं.

गीतं कोण चालवणार? पहिल्या रविवारी बहुतेक कुणीतरी पट्टी फार वर लावेल आणि दुसऱ्या कडव्याला सगळे धापा टाकतील. टाकू द्या. तीनचार रविवारांत कुणाचा तरी आवाज सापडेल, जो तुमच्या मागं अकरा वर्षं दबून होता. आपल्या गाणाऱ्या बहिणीला तीन महिने गप्प बसू देणं, हे मंडळीलाही शिकायला हवं.

मी स्वतः एकदा असं गप्प बसले आहे. माझे पती गेले त्या वर्षी. उपासनेला जायची, पण गीत सुरू झालं की घसा मिटायचा. माझ्या बाकावर एक वयस्कर बाई बसत. त्यांचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून वाकडी. त्यांना सगळी गीतं पाठ होती, पुस्तकाची गरजच नव्हती. तरी त्या पुस्तक उघडायच्या, अर्धं माझ्या मांडीवर टेकवायच्या आणि गाताना ते वाकडं बोट ओळीखालून सरकवत न्यायच्या, पहिलीतल्या मुलाला दाखवतात तसं. माझ्याकडे बघायच्या नाहीत, गा म्हणायच्या नाहीत. सहासात महिने ते बोट असंच सरकत राहिलं. एके रविवारी एका ओळीवर माझा आवाज फुटला. त्यांनी फक्त पान उलटलं. त्यांनी मला एकही वचन सांगितलं नव्हतं, आणि उपासनेनंतर कधी चौकशीही केली नव्हती.

घरी बसून मोबाइलवर ऐकण्यात हेच हरवतं. आजारी माणसाला, ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याला, तो मोठाच आधार आहे. त्याला मी कमी लेखत नाही. पण तुम्हाला सध्या उपदेशाची वाण नाही. तुम्ही गप्प असताना शेजारी बसून गाणारं माणूस तुम्हाला हवं आहे.

प्रभूची प्रार्थना नीट बघा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पासून शेवटपर्यंत तिच्यात ‘मी’ नाही, ‘माझं’ नाही. भाकर मागायची ती आमची, क्षमा मागायची ती आम्हाला. निकीया इथं 325 मध्ये जो मतांगिकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, लिहिला गेला, त्याचीही सुरुवात मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी आहे. ज्या दिवशी तुमच्या तोंडून ‘मी’ निघत नाही, त्या दिवशी बाकीचे एकोणचाळीस ‘आम्ही’ म्हणतात आणि त्यात तुम्ही असता. घरी सध्या लांब प्रार्थनेचा हट्ट नको. सकाळी ही एक प्रार्थना आणि एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचा, आणि उठा. काही वाटलं की नाही हे तपासत बसू नका.

थोमाची गोष्ट आपण नेहमी बोट घालून बघण्यापासून सांगतो. त्याआधीचे आठ दिवस सुटून जातात. पहिल्या संध्याकाळी तो शिष्यांत नव्हता. परत आल्यावर म्हणाला, मी विश्वास ठेवणारच नाही. तरी आठ दिवसांनी ते पुन्हा घरात जमले तेव्हा थोमा त्यांच्याबरोबर होता, असं योहान लिहितो. इतरांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. त्या आठ दिवसांत ते काय बोलले असतील, कोण जाणे. पण प्रभू त्याला भेटला तो त्या घरात, सगळ्यांदेखत.

प्रभुभोजनाचं आता स्पष्टच सांगते : बाळ घेऊन बाहेर जाऊ नका. ‘अयोग्य प्रकारे’ घेण्याबद्दल पौलानं करिंथकरांना जे लिहिलं, त्याची भीती तुमच्या मनात असणार. आपल्याकडे ते वचन प्रत्येक वेळी वाचलं जातं. त्याच अध्यायातल्या आधीच्या ओळी वाचा. तिथं काही जण आधीच जेवून घेत होते, प्यायलेले होते, आणि गरीब उपाशी राहत होते. पौल रागावला तो त्यावर. ज्याचं मन कोरडं पडलंय त्याच्यावर तो रागावलेला नाही. भुकेल्यानं जेवणावरून उठून जायचं नसतं. तरीही मन घेत नसेल तर पाळकसाहेबांशी एकदा बोला, पण एकट्यानं शिक्षा ठरवून बसू नका.

आता, सांगायचं कुणाला? लहान मंडळीत एक गैरसमज असतो की आपण सगळे एकमेकांना ओळखतो. कोण आलं नाही हे आपल्याला लगेच कळतं. जो आला आहे त्याचं काय चाललंय, ते मात्र कळेलच असं नाही. वेस्लींच्याच लोकांत 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला ठरलं की दर माणशी आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागं एकानं घरोघर फिरून ती गोळा करायची. पेनीसाठी दार वाजवणाऱ्यांना घरात काय चाललंय ते दिसू लागलं; कुठं आजारपण, कुठं भांडण, कुठं दारू. कर्जासाठी काढलेल्या त्या सोयीतूनच एकमेकांच्या आत्मिक काळजीचे छोटे वर्ग उभे राहिले. हे वाचणारे कुणी पाळक किंवा पंच असतील तर त्यांना हात जोडून सांगते : तुमच्या मंडळीत गेल्या दोन वर्षांत ज्या घरात मृत्यू झाला, तिथं या महिन्यात जा. वचन वाचायची घाई करू नका. बसा, गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आणि ऐका.

तुम्ही, बहीण, एकच माणूस निवडा. ओळख म्हणून एवढंच बघा की त्या व्यक्तीनं आजवर दुसऱ्याचं दुःख तुम्हाला ‘प्रार्थना करायला हवी हो’ म्हणून सांगितलंय का. सांगितलं असेल तर ती व्यक्ती नको, कितीही प्रेमळ असली तरी. बोलायच्या आधीच म्हणा, ‘हे सभेत मांडायचं नाही, नाव न घेताही नाही.’ चाळीस माणसांत नाव न घेण्याला काही अर्थ नसतो. मंडळीत असं कुणी नसेल तर बाहेरचं बघा; निवृत्त पाळक, दुसऱ्या मंडळीतली एखादी जाणती बाई, समुपदेशक.

आणि एक काळजीचा प्रश्न. झोप लागते का? जेवण जातं का? जगून काय करायचं, असं मनात येतं का? येत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, आणि त्यात विश्वासाचा कमीपणा मानू नका. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, कित्येक दिवसांनी.

दोन घरांच्या अबोल्यात तुम्ही पडू नका. पुढचा निरोप आला की शांतपणे सांगा, ‘हे तुम्ही त्यांनाच सांगा.’ फिलिप्पैमध्ये युवदीया आणि सुंतुखे यांचं असंच बिनसलं होतं. पौलानं कोण बरोबर ते सांगितलं नाही. एका खऱ्या सोबत्याला विनंती केली की या दोघींना मदत कर. तुमच्या मंडळीतही असा सोबती असेल, पण सध्या तो तुम्ही नाही. ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’ हे वचन आपण माणसं कमी आली की आठवतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ते आलं आहे ते भावाभावांतल्या अपराधाच्या बोलण्यात, आणि तिथली पहिली पायरी ही की ज्याच्याशी बिनसलं त्याच्याकडे एकट्यानं जा. ते पाळकसाहेबांनी त्या दोन घरांना सांगायचं आहे.

शेवटी, जावं की राहावं. दुसऱ्या मंडळीत जाणं पाप नाही. हिशेब दाखवले जात नसतील, तुमची खाजगी गोष्ट व्यासपीठावरून सांगितली गेली असेल, बायकामुलांना तिथं सुरक्षित वाटत नसेल, तर मी म्हणेन आजच निघा, आणि मुलांच्या बाबतीत काही घडलं असेल तर बाहेर जाऊन तक्रार करा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तुमच्या पत्रात थकवा आहे आणि न रडलेलं रडू आहे, आणि ते घेऊन तुम्ही जिथं जाल तिथं तेच सोबत येईल. म्हणून ते तीन महिने इथंच काढा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर सांगून, निरोप घेऊन जा. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी दोघींनाच प्रभूनं दोष दिलेला नाही. त्यातल्या फिलदेल्फियाला तो म्हणतो, तुझी शक्ती थोडी आहे हे मला ठाऊक आहे. थोड्या शक्तीच्या त्या मंडळीला त्यानं आणखी काही करून दाखव असं सांगितलं नाही; जे तुझ्याजवळ आहे ते धरून राहा, एवढंच सांगितलं.

पहिल्या रविवारी हातांचं काय करायचं ते कळणार नाही. अकरा वर्षं तुम्ही सगळ्यांकडे तोंड करून उभ्या होतात. आता सगळ्यांच्या पाठी दिसतील. शेवटच्या बाकावर बसू नका, तिथून निघून जाणं सोपं असतं. मध्ये बसा, जिला गीतं पाठ आहेत अशा कुणाच्या तरी शेजारी. गाऊ नये वाटलं तर गाऊ नका. रडू आलं तर येऊ द्या, चाळीस माणसांनी तुम्हाला रडताना बघावं अशी वेळ झालीच आहे. आणि आशीर्वचनाच्या आधी उठू नका. तेव्हा कुणाला काही म्हणावं लागत नाही, नुसतं उभं राहायचं असतं.

तुमची,
सदरातली ताई